सत्यानाशी आणि मोहरी : एका ओळखीचा इतिहास

विषारी वनस्पति कोणती आणि निरुपद्रवी कोणती, हा प्रश्न मनुष्याच्या अन्नाइतकाच जुना आहे. नांगर हातीं येण्यापूर्वीं हजारों वर्षें मनुष्य रानांतील पाला, कंद व फळें यांवर जगत होता; आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन झाडांतील भेद ओळखणें हेंच त्या काळीं त्याचें मुख्य शास्त्र होतें. आज आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस रानांत जाऊन भाजी खुडण्याचा प्रसंग येत नाहीं; आला तर तो पावसाळी सहलीच्या हौसेपुरता. त्यामुळें हा प्रश्न आतां गुराखी, वनवासी आणि वनस्पतिशास्त्राचे अध्यापक यांच्यापुरताच उरला आहे, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांत सहज रूढ झालेली दिसते. ही समजूत चुकीची आहे, इतकेंच नव्हे तर धोक्याची आहे, हें दाखविणारा एक इतिहास आपल्याच देशांत घडला आहे. तो रानांत घडला नाहीं; कलकत्ता आणि दिल्ली यांसारख्या थोर शहरांत, नांदत्या घरांच्या स्वयंपाकघरांत घडला. मोहरी आणि तिच्यासारखी दिसणारी एका रानटी झुडपाची बी, या दोहोंची गल्लत हा त्याचा विषय होय.

प्रथम एक जुना विचार ध्यानांत घेऊं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पहिल्याच अध्यायांत, औषधी वनस्पतींच्या ओळखीची चर्चा आली आहे. झाडांचीं नांवें व रूपें यांची माहिती रानांत शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारांस आणि इतर वनवासी लोकांस असते, असा तेथील अभिप्राय आहे. पंडितांसाठीं लिहिलेला ग्रंथ पंडितांस गुराख्याकडे पाठवितो, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. मात्र नुसतें नांव आणि रूप कळल्यानें भागत नाहीं. द्रव्याचा उपयोग जाणणारा तोच खरा जाणता, असेंही तो ग्रंथ पुढें बजावतो. सुश्रुतानें कल्पस्थानांत स्थावर विषाचीं दहा अधिष्ठानें मोजलीं आहेत : मूळ, पान, फळ, फूल, साल, चीक, गाभा, डिंक, धातु आणि कंद. या यादींत तेलाला निराळें स्थान नाहीं. आणि तें असावें असें वाटण्याचें कारणही त्या काळीं नव्हतें. वैद्य ज्या वनस्पतिविषाचा विचार करीत होता तें झाडाच्या कोणत्या ना कोणत्या अवयवांत होतें, आणि अवयव डोळ्यांस दिसत होता. आम्ही सांगणार आहों त्या इतिहासांत विष झाडाचें रूप टाकून घरांत शिरलें. आणि म्हणूनच तें ओळखण्यास जवळजवळ साठ वर्षें लागलीं.

तें झाड मात्र आमच्या वाचकांनीं पाहिलेलें असलेंच पाहिजे. हिवाळा सरतां सरतां पडीक जमिनींत, रस्त्याच्या कडेला, नदीच्या कोरड्या पात्रांत गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीचें एक कांटेरी झुडूप उभें असतें. पानें करडसर हिरवीं, कडांना खोल कातरलेलीं, प्रत्येक टोंकास कांटा आणि शिरांवर पांढरट पट्टे. फूल पिवळें, पातळ कागदासारख्या पाकळ्यांचें. देंठ कोठेंही मोडला तरी पिवळा चीक निघतो. फळ म्हणजे एक कांटेरी बोंड. तें पिकलें कीं वरच्या टोंकाशीं फांकतें आणि आंतील बारीक काळसर बिया जमिनीवर सांडतात. कांट्यांमुळें गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. म्हणून जेथें बाकी सर्व चरून जातें तेथेंही तें मागें शिल्लक राहतें, आणि पुढच्या वर्षीं आपल्या सांडलेल्या बियांतून पुन्हां उगवतें.

एवढ्याशा झुडपाच्या नांवांत केवढा इतिहास सांठलेला असतो पाहा. मराठींत त्यास पिवळा धोत्रा, कांटेधोत्रा आणि फिरंगी धोत्रा म्हणतात. खऱ्या धोत्र्याशीं त्याचें नातें कांहींच नाहीं. धोत्रा हा वांग्या-बटाट्याच्या कुळांतला, तर हा अफूच्या कुळांतला. बोंड कांटेरी आणि गुण विषारी, या दोन साम्यांवरून लोकांनीं त्याला धोत्र्याच्या पंक्तीस बसविलें असावें. 'फिरंगी' हें विशेषण मात्र अक्षरशः खरें आहे. हें झुडूप मूळचें मेक्सिको व त्याच्या आसपासच्या उष्ण प्रदेशांतलें. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर मिरची, तंबाखू, काजू, पपई इत्यादि ज्या वनस्पति अमेरिकेंतून निघून जगभर पसरल्या, त्यांच्याच मागोमाग न बोलावतां आलेला हा एक पाहुणा. हिंदी मुलखांत याला भडभाड म्हणतात, आणि त्याहून प्रसिद्ध असें दुसरें नांव म्हणजे सत्यानाशी. बंगालींत तो शियालकांटा, म्हणजे कोल्ह्याचा कांटा.

पुष्कळ ग्रंथांत यालाच स्वर्णक्षीरी हें संस्कृत नांव दिलेलें आढळतें. चीक सोन्यासारखा पिवळा, तेव्हां नांव शोभतें यांत शंका नाहीं. परंतु प्राचीन आयुर्वेदांतील स्वर्णक्षीरी ही दुसरीच कोणती तरी वनस्पति असली पाहिजे. कारण चरक-सुश्रुतांच्या काळीं अमेरिकेंतील झुडूप हिंदुस्थानांत असणें शक्य नव्हतें. जुनें नांव नव्या झाडाला चिकटलें, आणि नांवाबरोबर जुन्या औषधीचे गुणही त्याच्या नांवावर जमा झाले. ज्यांना आपण अडाणी समजतों त्यांनीं ठेवलेलें 'फिरंगी' हें नांव खरें ठरावें, आणि विद्वानांनीं दिलेलें नांव दिशाभूल करणारें ठरावें, हा या इतिहासांतील पहिला धडा. युरोपांतही याहून निराळें घडलें नाहीं. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं याचें शास्त्रीय नांव आर्जेमोनी मेक्सिकाना असें नोंदविलें. त्यांतील पहिला शब्द ग्रीक आहे. डोळ्यांत पडणाऱ्या फुलास ग्रीक वैद्य 'आर्जेमा' म्हणत, आणि त्यावर ते जी एक अफूच्या जातीची वनस्पति वापरीत तिचें हें नांव. डोळ्याच्या औषधाचें नांव ज्या झुडपाला मिळालें, त्याच्याच तेलानें पुढें माणसांची दृष्टि जावी, हा योगायोग चमत्कारिक खरा.

आतां याची मोहरीशीं गल्लत होते कशी हें पाहिलें पाहिजे. कारण सर्व अनर्थाचें मूळ तेथें आहे. शेतांत दोन्हीं उभीं असतांना गल्लत होणें शक्यच नाहीं. मोहरीचें पान बिनकांट्याचें. फुलाच्या पाकळ्या चार, क्रुसासारख्या मांडलेल्या. फळ म्हणजे बारीक लांबट शेंग. सत्यानाशीचें पान हातांत धरवत नाहीं, फुलाला पाकळ्या चार ते सहा, आणि फळ म्हणजे कांटेरी बोंड. फुलांचा रंग पिवळा, एवढेंच काय तें साम्य. शेतांत वावरणाऱ्या लहान पोराससुद्धां हा भेद सांगावा लागत नाहीं.

पुढची पायरी खळ्यावरची. दोन्हींच्या बिया उन्हाळ्याच्या तोंडाशीं, मागेंपुढें एकाच सुमारास तयार होतात. मोहरीच्या शेतांत हें तण माजलें असेल आणि कापणी निष्काळजीपणें झाली असेल, तर दोन्हीं झाडें एकत्र झोडपलीं जातात आणि झाडावरच्या सर्व खुणा भुशाबरोबर उडून जातात. उरतात ते दोन काळसर, बारीक, वाटोळे दाणे. तरीही येथें ओळख अगदींच नाहींशी झालेली नसते. मोहरीचा दाणा हातास गुळगुळीत लागतो आणि फोडला असतां आंत पिवळा दिसतो. सत्यानाशीचा दाणा खडबडीत असतो. भिंगाखालीं पाहिल्यास त्यावर जाळी उठलेली दिसते, एका बाजूस बारीकसें टोंक असतें, आणि फोडला तर आंत पांढरा निघतो. ज्या घरांत मोहरी ताटांत पसरून निवडली जात होती, त्या घरांत हा दाणा निवडणाऱ्या बाईच्या बोटांस खटकण्याचा संभव होता. निवडणें, पाखडणें, चाळणें हीं कामें आपण क्षुद्र समजतों. परंतु विष आणि अन्न यांमधील शेवटची चौकी तीच होती.

तिसरी पायरी तेलाची. सत्यानाशीच्या बियांतही तेल भरपूर असतें. तें पूर्वीं दिव्यांत जाळीत. दोन्हीं बिया एकाच घाण्यांत पडल्या कीं रूप, स्पर्श, आकार हें सर्व संपतें. मोहरीच्या तेलाचा झणझणीतपणा एवढा तीव्र असतो कीं त्यांत मिसळलेलें दुसरें तेल ना वासावरून कळतें, ना चवीवरून. शेंकडा एक इतकी भेसळसुद्धां रोग उत्पन्न करण्यास पुरेशी झाल्याचें नमूद आहे. म्हणजे झाडापाशीं जी ओळख संपूर्ण असते, ती दाण्यापाशीं अर्धी राहते आणि तेलांत नाहींशी होते. हा क्रम ध्यानांत ठेवला म्हणजे पुढचा इतिहास समजण्यास सोपा जाईल.

१८७७ सालीं कलकत्त्यांत एक अपरिचित रोग दिसूं लागला. प्रथम पोट बिघडावें, मग दोन्हीं पाय सुजावे. कातडीवर तांबूस झांक यावी, पोटऱ्या दुखाव्या, आणि थोडें चाललें तरी धाप लागावी. कांहीं रोगी कांहीं आठवड्यांनीं बरे होत. कांहींचें हृदय थकून जाऊन ते दगावत. थोड्याच काळांत हा रोग आसामकडेही दिसला. आणि १८७८-७९ च्या सुमारास तो समुद्रापलीकडे मॉरिशस बेटांत, तेथें गेलेल्या हिंदी मजुरांमध्यें प्रकट झाला. इंग्रज डॉक्टरांनीं त्यास 'एपिडेमिक ड्रॉप्सी', म्हणजे सुजेची सांथ, असें नांव दिलें. नंतरच्या काळांत बंगाल, बिहार, आसाम व संयुक्त प्रांत यांत ती पुनःपुन्हां उद्भवत राहिली. १९०९ सालीं कलकत्त्यांतील नेत्रवैद्य मेनार्ड यांनीं या रोग्यांत काचबिंदु होतो असें दाखवून दिलें. डोळा लाल नाहीं, वेदना नाहींत; फक्त दिव्याभोंवतीं रंगीत वलयें दिसावीं आणि दृष्टि हळूहळू जावी, असा हा काचबिंदु. रोगी जगला तरी डोळ्यांस मुकण्याचें भय राहिलें तें असें.

ही सांथ कशाची? येथें विद्वानांपुढें जो पेंच पडला तो रानांतील माणसापुढें पडणाऱ्या पेंचासारखाच होता. फक्त त्यांच्यापुढें दोन सारखीं झाडें नव्हतीं, दोन सारखे रोग होते. भात खाणाऱ्या देशांत बेरीबेरी नांवाचा एक रोग आहे. त्यांतही पाय सुजतात, धाप लागते, हृदय बिघडतें. बेरीबेरी ही सडलेल्या पांढऱ्या तांदुळावर जगल्यानें होते, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं हळूहळू स्पष्ट होऊं लागलें होतें. तेव्हां बंगाली मनुष्य भात खातो, त्याचे पाय सुजतात, म्हणून हीही बेरीबेरीच, किंवा तिची धाकटी बहीण, असें अनुमान निघणें स्वाभाविक होतें. बेरीबेरींत ज्ञानतंतु बिघडून पाय बधिर व लुळे होतात, या सांथींत तसें होत नाहीं. या सांथींत कातडी तांबूस होते व काचबिंदु होतो, बेरीबेरींत तसें होत नाहीं. भेदाच्या खुणा समोर होत्या. परंतु साम्याची मोहिनी मोठी असते.

ग्रेग यांनीं १९११ च्या सुमारास कलकत्त्यांतील सांथीचा अभ्यास करून आहारांतील उणिवेकडे बोट दाखविलें. १९२० नंतरच्या दशकांत ॲक्टन व रामनाथ चोप्रा यांनीं निराळें मत मांडलें : दमट हवेंत सांठविलेल्या तांदुळांत जंतु वाढून विष तयार होतें व त्यानें हा रोग होतो. कोणी संसर्गाची शंका घेतली. हे सर्व लोक कष्टाळू व प्रामाणिक संशोधक होते. चूक बुद्धीची नव्हती, दिशेची होती. जेवणांतील जो पदार्थ सर्वांत मोठा, त्याकडे सर्वांची दृष्टि लागली. तेल तें किती, पळीभर. शिवाय तें वर्षानुवर्षें खाल्लेलें, वाडवडिलांपासून अंगवळणीं पडलेलें. तें एका वर्षीं निर्दोष आणि दुसऱ्या वर्षीं घातक कसें असेल, असें वाटणें साहजिक होतें. ज्या वस्तूवर आपला विश्वास असतो तिची तपासणी आपण सर्वांत शेवटीं करतों.

तथापि रोगाची रीत पाहिली तर ती मुकाट्यानें एका बाजूस बोट दाखवीत होती. सांथ घराघरांनें येई. एकाच चुलीवरचें जेवणारीं माणसें एकदम आजारी पडत. अंगावर पिणारीं मुलें मात्र वांचत. हा जर स्पर्शानें पसरणारा रोग असता तर आईच्या कुशींतलें मूल प्रथम आजारी पडावयास पाहिजे होतें. रोग हवेंत नव्हता, स्पर्शांत नव्हता. तो स्वयंपाकघरांत होता.

१९२६ सालीं सरसीलाल सरकार या बंगाली डॉक्टरांनीं 'इंडियन मेडिकल गॅझेट' या मासिकांत एक लेख लिहून सत्यानाशीच्या तेलानें होणाऱ्या विषबाधेकडे लक्ष वेधलें. तांदुळाच्या मताचा पगडा तेव्हां इतका होता कीं या सूचनेचें चीज होण्यास आणखी दहाएक वर्षें लागलीं. १९३२ सालीं कलकत्त्यांत स्थापन झालेल्या अखिल भारतीय आरोग्यशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्थेंतील आर. बी. लाल आणि एस. सी. रॉय यांनीं १९३७ पासून आपलें संशोधन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. पीडित कुटुंबें कोणतें अन्न खातात व तें कोठून आणतात, याचा त्यांनीं बारकाईनें मागोवा घेतला, आणि तो मागोवा मोहरीच्या तेलापाशीं येऊन थांबला. राहिलें होतें तें प्रत्यक्ष प्रमाण. संशयित तेल माणसांना आहारांतून देऊन पाहण्याचे प्रयोग १९३९ च्या सुमारास झाले, आणि त्या माणसांत तींच लक्षणें उमटलीं. या प्रयोगांच्या कर्त्यांत रामनाथ चोप्रा यांचेंही नांव आहे. ज्यांनीं तांदुळाचें मत मांडलें होतें, त्यांनींच तें मत सोडावयास लावणाऱ्या प्रयोगांस हात घातला, ही गोष्ट आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत मोलाची आहे. खऱ्या विद्वत्तेची खूण हीच. आणि तीही, दाण्यावरील जाळीप्रमाणें, जवळून पाहिल्यावांचून दिसत नाहीं.

१९४८ सालीं एस. एन. सरकार यांनीं या तेलांतून सँग्विनरीन व डायहायड्रोसँग्विनरीन हीं द्रव्यें वेगळीं काढल्याचें 'नेचर' या इंग्रजी साप्ताहिकांत प्रसिद्ध केलें. शरीरांतील केशवाहिन्या या विषानें फुगतात व झिरपूं लागतात. रक्तांतील द्रव बाहेर येऊन पाय सुजतात, आणि हृदयावर ताण पडतो. पुढें रसायनशास्त्रानें सोप्या परीक्षाही दिल्या. तेलांत तीव्र नायट्रिक आम्ल घातलें असतां भेसळीचें तेल नारिंगी-तांबडा रंग धरतें; फेरिक क्लोराइडची परीक्षा त्याहून सूक्ष्म आहे. डोळ्यानें गमावलेली ओळख प्रयोगशाळेनें अशी परत मिळवून दिली. मात्र ज्या प्रमाणांत ती परत मिळाली, त्याच प्रमाणांत ती सामान्य गृहस्थाच्या हातांतून निसटली, हें विसरून चालणार नाहीं. दाणा निवडणें घरांत होत होतें. आम्लाची परीक्षा घरांत होत नाहीं, आणि कोणीं ती घरीं करूंही नये.

ज्ञान झालें म्हणजे अनर्थ टळला, असें समजणाऱ्यांस या इतिहासाचा उत्तरार्ध विचार करावयास लावील. १९५४ सालीं अन्नांतील भेसळीस प्रतिबंध करणारा कायदा देशभर झाला. झाड माहीत, बी माहीत, विष माहीत, परीक्षा माहीत, कायदा तयार. असें असतांही अधूनमधून सांथी येतच राहिल्या. मोहरीच्या तेलानें अंग रगडल्यामुळें कातडीवाटेही हें विष भिनतें, असें दाखविणारा शोधनिबंध १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. आणि १९९८ च्या ऑगस्ट महिन्यांत, प्रत्यक्ष राजधानी दिल्लींत, या सुजेच्या सांथीनें कहर केला. तीन हजारांहून अधिक लोकांस रुग्णालयांत जावें लागलें, आणि साठांहून अधिक लोक मृत्यु पावले. कलकत्त्याच्या पहिल्या सांथीनंतर एकशें एकवीस वर्षांनीं, कारण सांपडल्यानंतर साठ वर्षांनीं, तेंच झुडूप, तेंच तेल, तोच रोग! त्या सांथीनंतर मध्यवर्ती सरकारनें १९९८ सालींच खाद्य तेलें बंद वेष्टनांत विकण्याविषयींचा हुकूम काढला.

कलकत्त्याच्या पहिल्या रोग्यांची दया येते, कारण कोणालाच कांहीं ठाऊक नव्हतें. दिल्लीच्या रोग्यांविषयीं दयेबरोबर संताप येतो, कारण ठाऊक असावयास पाहिजे त्या सर्वांना सर्व कांहीं ठाऊक होतें. तणाच्या बिया चुकून मिसळणें हा एक प्रकार, आणि नफ्यासाठीं स्वस्त तेल मिसळणें हा दुसरा. पहिल्यांत दोष दृष्टीचा असतो, दुसऱ्यांत नीतीचा. परंतु ज्याच्या पानांत तें तेल पडतें त्याला दोहोंतील फरक कळण्याचा मार्ग नाहीं. निसर्गांतील सारखेपणा कोणास फसविण्यासाठीं नसतो; सत्यानाशीनें तर अंगभर कांटे लावून आपली ओळख उघड करून ठेवली आहे. ती ओळख पुसून टाकण्याचें काम मनुष्याचें आहे.

महाराष्ट्रांत मोहरीचें तेल रोजच्या स्वयंपाकांत फारसें नव्हतें. आपल्याकडे शेंगदाणा, करडई, तीळ आणि कोंकणांत खोबरें यांचीं तेलें. म्हणून या सांथींची झळ मुख्यतः पूर्वेस व उत्तरेस लागली. यावरून आपण निर्धास्त व्हावें असें मात्र नाहीं. फोडणीची मोहरी आपल्या प्रत्येक घरांत आहे, पिवळा धोत्रा आपल्या प्रत्येक गांवाच्या वेशीवर आहे, आणि नोकरीधंद्यानिमित्त दिल्ली, कलकत्ता, पाटणा येथें राहणारीं मराठी कुटुंबेंही थोडीं नाहींत. म्हणून दोन-चार व्यावहारिक गोष्टी येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं. मोहरी सुटी आणली तर ती पांढऱ्या ताटांत पसरून एकदां निवडावी. खडबडीत, टोंकदार, आंत पांढरा असा दाणा आढळला तर ती मोहरी टाकून द्यावी. मोहरीचें तेल सुटें घेऊं नये. खाण्यास नाहीं आणि अंगास चोळण्यासही नाहीं. घरांतील एकाहून अधिक माणसांचे पाय एकाच सुमारास सुजूं लागले, तर तें तेल ताबडतोब बंद करावें, थोडें नमुन्यास ठेवावें, आणि वैद्यकीय सल्ला घेतांना तेलाचा उल्लेख अवश्य करावा. या विषावर खास उतारा नाहीं. तेल बंद करणें हाच उपचाराचा पहिला भाग आहे, आणि तो जितका लवकर होईल तितका जीव व डोळे वांचण्याचा संभव अधिक.

शेवटीं मूळ मुद्द्याकडे वळूं. विषारी आणि निरुपद्रवी यांतील भेद ओळखण्याचें ज्ञान पूर्वीं प्रत्येक कुटुंबांत थोडें थोडें वांटलेलें होतें : कांहीं गुराख्यापाशीं, कांहीं शेतकऱ्यापाशीं, कांहीं सूप हातीं घेतलेल्या बाईपाशीं. शहरांत आल्यावर आपण तें ज्ञान सोडून दिलें व त्याच्या जागीं विश्वास ठेविला : वाण्यावर, तेल्यावर, वेष्टनावर, निरीक्षकावर. यांत अनैसर्गिक असें कांहीं नाहीं. नागरी जीवन विश्वासावांचून चालत नाहीं. परंतु ओळखीची जागा विश्वासानें घेतली म्हणजे ओळखीइतकीच दक्षता त्या विश्वासाच्या बाबतींतही लागते. तपासणी झाली कीं नाहीं हें विचारणें, कायदा अंमलांत येतो कीं कागदावर राहतो हें पाहणें, हें आजच्या नागरिकाचें झाड ओळखणें आहे. त्याच्याकडे ज्यांनीं दुर्लक्ष केलें त्यांच्या चुकीची किंमत १९९८ सालीं दिल्लींतील साठांहून अधिक माणसांनीं दिली. आणि त्यांपैकीं कोणीही रानांत पाऊल टाकलें नव्हतें.